साथीचे दिवस आणि खानदेशाची मोकळी जागा



२०२० सालचा मे महिना तुम्ही विसरला नसाल. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा कसा असतो हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागते, तुम्हांला नाही. त्या उन्हात पत्र्याच्या दोन खोल्यांमध्ये आठ-आठ, दहा-दहा माणसे दार लावून बसली होती. घरातच राहा, हा सरकारचा हुकूम रोगाच्या दृष्टीने योग्य होता. परंतु अंगण-बाग असलेल्या बंगल्याला आणि मोहल्ल्यातील कोंदट खोलीला त्या हुकमात एकच शब्द होता, तो म्हणजे 'घर'. साथ आली असता माणसाने नेमके राहावे कोठे, या प्रश्नाचे एक निराळे उत्तर आपल्या मुलखाने सव्वाशे वर्षांपूर्वी शोधून काढले होते. ते मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही, म्हणून स्मरणिकेची ही चार पाने.

ते उत्तर थोडक्यात असे: घर सोडावे, शिवार सोडू नये.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी काही रोगी तपासले आणि हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच होय, असे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून आपापल्या गावी पळाले. जी. आय. पी. रेल्वेचा हमरस्ता आपल्या चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरून जातो. धुळ्यास चाळीसगावहून फाटा आला तो १९०० साली. खानदेशचा कापूस या रस्त्याने मुंबईस जाई आणि उलट दिशेने माणसे व माल येई. धान्याच्या पोत्यांतून उंदीर येत, उंदरांच्या अंगावर पिसवा येत. हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. १९०१ च्या शिरगणतीत धुळ्याची वस्ती २५ हजारांच्या आत आणि जळगावची १६ हजारांच्या घरात होती. अशा लहान गावांना साथीचा एक हिवाळाही भारी पडे. पावसाळा सरता सरता रोग डोके वर काढी, थंडीभर माणसे नेई आणि उन्हे तापली की ओसरे. असे एकदा नव्हे, कित्येक वर्षे चालले. सबंध हिंदुस्थानात पुढील काही दशकांत या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

जळगावकरांना परका न वाटणारा एक दाखला येथे देतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव शहरातील उद्यानाला आहे. त्या उद्यानात तुम्ही मुलांना घेऊन गेलाही असाल. त्यांचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. ज्या माउलीची गाणी आपण शाळेत पाठ केली, तिच्या घरातूनही ही साथ अशी जाऊन आली होती.

मग लोकांनी केले काय? घरात उंदीर पडू लागले की गावात कुजबूज सुरू होई. एक-दोन दिवसांत कोणाला ताप भरे, काखेत किंवा जांघेत गाठ येई. तेवढे होताच गाव खाली होई. गाडीवर धान्य, भांडी, अंथरुणे आणि म्हातारी माणसे घालायची, गुरे मागे हाकायची आणि गावाबाहेरच्या माळावर किंवा आपल्या मळ्यात मुक्काम टाकायचा. कडबा, तुराट्या, पऱ्हाट्या जे हाताशी असेल त्याच्या झोपड्या उभ्या राहत. थंडीचे दिवस, पिके निघालेली, जमीन कोरडी. खानदेशात अशा वेळी उघड्यावर दोन-तीन महिने काढणे कठीण असले तरी अशक्य नसते. मागे ओस पडलेल्या गावात दिवसा कोणी डोकावले तर डोकावले. रात्री कोणी राहत नसे. कौले काढून घरांत ऊन पाडीत, भिंतींना चुना देत आणि रोग थांबला अशी खात्री पटल्यावरच परतत.

ही युक्ती लागू का पडली, याचा शास्त्रीय उलगडा नंतर झाला. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखविले की, रोग एका उंदराकडून दुसऱ्याकडे जातो तो पिसवेच्या द्वारे. कित्येक वर्षे विद्वानांनी त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही. पुढे १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग कमिशनने तेच सिद्ध केले. उंदीर मेला की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. माळावर गेलेला शेतकरी उंदीर आणि पिसवा दोन्ही गावात सोडून जात होता. त्याला जंतूचे नाव माहीत नव्हते, परंतु घर आणि रोग यांचा काही संबंध आहे हे त्याने अनुभवाने ओळखले होते. शास्त्राच्या आधी अनुभव पोहोचल्याची अशी उदाहरणे आपल्या लोकांना अडाणी म्हणण्याची घाई असलेल्यांनी जरा लक्षात ठेवावीत.

आपल्या वाचकांच्या मनात येथे एक शंका येईल, ती रास्त आहे. ज्या मुलखात साथ असेल तेथे जाऊ नये आणि आपण तेथे असू तर साथीच्या भीतीने तो मुलूख सोडून पळू नये, अशी पैगंबरसाहेबांची (सल्ल.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग गाव खाली करणे तिच्या विरुद्ध नव्हे काय? याचे उत्तर इस्लामच्या पहिल्या शतकातच मिळते. हिजरी सन १८ मध्ये शाममध्ये अमवासची प्रसिद्ध साथ आली. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले होते, सरग या ठिकाणी साथीची बातमी कळली, मसलत झाली, तेथे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी वरील हदीस सांगितली आणि खलीफा फौजेसह मदीनेस परतले. शाममधील फौजेचे सरदार हजरत अबू उबैदा आणि त्यांच्यामागून हजरत मुआज बिन जबल (रजि.) त्या साथीत वारले. त्यानंतर कारभार हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्याकडे आला. त्यांनी लोकांना छावणीतून उठवून डोंगरांवर पांगविले आणि साथ ओसरली, असे इतिहासकार नमूद करतात. मुलूख तोच राहिला. दाटी मात्र मोडली. आपल्या खेड्यांतील लोकांनीही नेमके हेच केले. जे लोक माळावर न जाता दूरच्या गावी सोयऱ्यांकडे पळाले, ते पुष्कळदा आपल्या बोचक्यांतून रोग घेऊन गेले. जे आपल्याच शिवारात राहिले त्यांनी स्वतःला वाचविले आणि शेजारच्या गावालाही.

सरकारनेही तंबू आणि झोपड्यांच्या छावण्या उभारल्या होत्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला तो हाच कायदा, हे ध्यानात घ्या. पण छावणी आणि छावणी यांत फरक असतो. पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत, बायामाणसांना बाहेर काढीत, सामान जाळीत. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरील गोळीबारात झाला. त्याच पुण्याच्या पंचक्रोशीत दुसरे एक चित्र होते. हडपसरजवळ ससाणे मळ्याच्या मोकळ्या रानात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना थाटला होता. त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई रोग्यांना तेथे आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेच मोकळे रान, तोच रोग. परंतु एकीकडे माणूस धरून नेला जात होता आणि दुसरीकडे उचलून आणला जात होता.

आता आपल्या समाजाकडे येऊ. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील विणकर मोमीन कुटुंबे मोठ्या संख्येने दक्षिणेकडे आली आणि बुऱ्हाणपूर, मालेगाव, धुळे, भिवंडी व मुंबईच्या मदनपुऱ्यात वसली. शेतकऱ्याला मळा होता. विणकराला काय होते? त्याचा माग घरातल्या जमिनीत खड्डा खणून बसविलेला असे. तो गाडीवर घालून माळावर नेता येत नाही. घर सोडले की त्याच दिवशी चूल बंद. त्यामुळे गाव खाली करण्याची युक्ती ज्यांना सर्वांत अवघड होती त्यांत विणकर पहिला होता. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका विणकराच्या आजारी मुलीला नेण्यासाठी तपासणी पथक आले तेव्हा मोठा दंगा उसळला आणि गोळीबार झाला. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला धर्मवेड म्हटले. पडद्याचा प्रश्न त्यात होताच, नाही असे नाही. पण मला वाटते, ज्याच्याजवळ घराबाहेर पाय ठेवायला स्वतःची वीतभर जमीन नाही, त्याच्या दारावर पोलीस येऊन थाप मारतो तेव्हा तो धर्माआधी घरासाठी भांडत असतो. समाजाने नुसता विरोधच केला असेही नाही. सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी हाफकिन यांची नवी लस लोकांसमोर स्वतः टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी मुंबईतील आपला बंगला दिला. त्या वेळी ते विशीत होते.

प्लेगने शहरांना एक धडा दिला. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे बागा राखून नव्या वसाहती आखल्या. ज्यांची घरे त्यात पाडली गेली त्यांना मात्र पुष्कळदा त्या बागांच्या आसपासही जागा मिळाली नाही.

पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराची रीत मला अधिक मोलाची वाटते. १९१७-१८ च्या सुमारास ते इंदूरला काम करीत होते. धुळ्याहून आग्रा रोडने सरळ गेले की इंदूर, म्हणजे आपले शेजारचेच गाव. तेथे प्लेगचे भय होते. गेडिस यांनी दिवाळीत एक भली मोठी मिरवणूक काढली. तीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता; आणि मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार तर ज्या भागातील लोक आपली घरे-गल्ल्या जास्त स्वच्छ करतील त्या रस्त्याने! सारे शहर झाडू घेऊन उठले. दाट वस्ती सरसकट पाडण्याला त्यांचा सक्त विरोध असे. अगदी मोडकळीस आलेली दोन-चार घरे तेवढी काढावी, तेथे लहानसा चौक करावा, झाड लावावे, ओटा बांधावा. बाकी वस्ती तशीच राहू द्यावी, असे ते सांगत. आपल्या मोहल्ल्यांना लागू पडेल असा सल्ला आजवर दुसऱ्या कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

खानदेशाला मोकळ्या जागेचे वावडे नव्हते. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर ही जुन्या खानदेशाचीच. तेथे खानखानान अब्दुर्रहीम यांनी लालबाग केली. १६३१ साली मुमताजमहल तेथे वारली तेव्हा तिचे पहिले दफन तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत झाले. या बागा शाही होत्या, रयतेच्या नव्हत्या, हे खरे. पण धुळ्याकडे पाहा. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे ठाणे केले आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखली. त्या सरळ गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. पांझरेच्या काठचे दाट जुने धुळे आणि ही आखीव पेठ यांतून एकाच दिवशी चालून पाहावे. वारा कोठे लागतो हे मुलांना नकाशाशिवाय समजेल.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयी फार लिहीत नाही. तो प्लेगपेक्षा वेगाने आला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेत घरेच्या घरे एकदम पडली. देशभरात १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. झोपड्या बांधायला सवडच मिळाली नाही. पण त्या रोगाने एक फरक शिकविला आणि तो २०२० मध्ये पुन्हा समोर आला. प्लेगमध्ये मोकळी जागा वाचवीत होती ती उंदीर-पिसवा मागे राहत म्हणून. श्वासाच्या रोगात ती वाचविते ती एकाचा श्वास दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी वाऱ्यात विरतो म्हणून. कारणे अगदी वेगळी, औषध मात्र एकच.

मार्च २०२० च्या अखेरीस जळगाव शहरातील पहिला रुग्ण मेहरूण भागात सापडला. एप्रिलमध्ये मालेगावचे नाव रोज वर्तमानपत्रांत येऊ लागले. यंत्रमागांचा खडखडाट थांबला आणि मागाच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या खोल्यांत माणसे कोंडली गेली. मदनपुऱ्याच्या विणकराचा जुना पेच शंभर वर्षांनी जसाच्या तसा उभा राहिला. मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचे मृत्यूचे प्रमाण राज्यभर चिंतेचा विषय झाले. त्या साऱ्या दिवसांत बागा आणि मैदाने बंद होती. रोगाचा प्रसार बंद खोलीतील हवेतून अधिक होतो, हे जगाने निःसंदिग्धपणे मान्य करण्यास २०२१ साल उजाडले. ३ जून २०२० पासून पहाटे पाच ते सायंकाळी सात या वेळेत मैदाने-बागांमध्ये फिरण्यास व व्यायामास राज्यात परवानगी मिळाली, तेव्हा मेहरूण तलावाचा काठ, सागर पार्कचे मैदान, धुळ्याकडे लळिंगच्या किल्ल्याखालचे कुरण यांची किंमत पुष्कळांना प्रथमच कळली.

त्या वर्षी २५ मे रोजी ईद होती. ईदगाहे ओस होती; नमाज घरोघरी झाली. हा विचार करण्याजोगा योग आहे. ईदची नमाज वस्तीबाहेर उघड्या मैदानात पढण्याची चाल खुद्द पैगंबरसाहेबांच्या (सल्ल.) वेळची. वर्षातून दोनदा सारी वस्ती उघड्या आकाशाखाली सामावेल एवढी जागा प्रत्येक गावाने राखलेली असते ती त्या चालीमुळे. आपल्यातील बहुतेकांना मळा नाही, शिवार नाही. ईदगाहचे मैदान, शाळेचे पटांगण आणि झाडे असतील तर कब्रस्तानच्या भिंतीलगतची सावली, एवढेच आपले शिवार. कब्रस्तान ही बाग नव्हे, तेथील अदब राखलीच पाहिजे. पण तेथील कडुनिंब साऱ्या मोहल्ल्याची हवा गार करतो, हेही तितकेच खरे. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने खावो, पाखराने खावो की जनावराने, ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून जमा होते, ही शिकवण आपल्याला आहेच.

आणखी एक गोष्ट पालकांना विचारायची आहे. जून २०२० मध्ये मैदाने उघडली तेव्हा आपल्या घरातून कोण बाहेर पडले? मुलगे गेले, पुरुष गेले. घरात स्वयंपाक, आजारपण आणि एकाच फोनवर चाललेला तीन मुलांचा अभ्यास सांभाळणाऱ्या माउलीला त्या तलावाचा काठ किती वेळा दिसला? जेथे मुली आणि स्त्रिया निर्धास्तपणे बसू शकत नाहीत, त्या बागेला सगळ्या वस्तीची बाग म्हणणे मला तरी जड जाते. प्लेगच्या माळावर निदान सारे कुटुंब एकत्र होते.

शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांपुढे दर दोन-चार वर्षांनी एक प्रश्न येतो: पट वाढला, वर्ग अपुरे पडतात, तेव्हा पटांगणाच्या कडेला चार खोल्या बांधायच्या की नाही? खोल्यांची गरज खरी असते. देणगीदाराच्या नावाची पाटी खोलीवर लावता येते, रिकाम्या जागेवर लावता येत नाही. त्यामुळे सभेत खोल्या सहज मंजूर होतात. पुढच्या वेळी अशी सभा असेल तेव्हा पालकांपैकी कोणीतरी उठून एवढे विचारावे, की मजला वर चढविता येईल का, आणि पटांगणात दुपारी बारा वाजता सावली किती मुलांना पुरते.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवितो. बोरांच्या नामांकित जातींत 'मेहरूण' हे नाव आहे; आपल्या तलावाशेजारच्या मेहरूणचीच ती बोरे. त्या बोरींच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी घरे उभी आहेत. मेहरूणमध्ये जुनी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जा, आणि कोणत्या गल्लीच्या जागी कोणाची बोर होती, ते विचारून लिहून आणा.